चीनमधलं एखादं गाव नकाशावर आणि इतिहासात कसं शोधावं: डॉ. कोटणीसांच्या तांग काउंटीचं उदाहरण

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं निधन 9 डिसेंबर 1942 रोजी चीनच्या हेबेई प्रांतात, तांग काउंटीतल्या गगोंग गावी झालं. मराठीत या ठिकाणाचा उल्लेख अनेक तऱ्हांनी येतो. कुठे ‘तांग जिल्हा’, कुठे ‘होपेई प्रांत’, कुठे ‘बाओदिंग शहर’, तर कुठे नुसतंच ‘उत्तर चीनमधलं एक खेडं’. हे गाव नकाशावर शोधायला बसलेला माणूस दहा मिनिटांत गोंधळतो. यात चूक त्याची नसते. चिनी ग्रामीण भागात जागेचं नाव, तिचा प्रशासकीय दर्जा आणि तिची हद्द या तीन गोष्टी वेगवेगळ्या वेळी बदलत आल्या आहेत. म्हणून कुठल्याही उल्लेखापुढे आधी साल लिहायचं आणि मगच शोध सुरू करायचा. पुढची पद्धत चीनच्या कोणत्याही ग्रामीण काउंटीला लागू पडते. इथे तांग काउंटी घेतली आहे, कारण मराठी वाचकाला चीनमधलं जे एक खेडं मनापासून शोधावंसं वाटतं, ते तिथे आहे.

आधी पायरी ओळखा

चीनची आजची उतरंड वरून खाली अशी: प्रांत, प्रीफेक्चर दर्जाचं शहर, काउंटी, कसबा किंवा टाउनशिप, आणि शेवटी गाव. चिनीत काउंटीला ‘शिएन’ म्हणतात, कसब्याला ‘चन’, टाउनशिपला ‘शियांग’ आणि गावाला ‘त्सुन’. गगोंगपासून वर चढत गेलात तर गाव, टाउनशिप, तांग काउंटी, बाओदिंग, हेबेई असा क्रम लागतो.

पहिली चूक इथेच होते. ‘शिएन’चं भाषांतर ‘जिल्हा’ केलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे सोलापूर जिल्ह्याएवढा प्रदेश उभा राहतो. तांग काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे 1,400 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास आहे. म्हणजे आकाराने ती आपल्या मोठ्या तालुक्याएवढी. अधिकार मात्र तालुक्याहून पुष्कळ जास्त: स्वतःची लोकप्रतिनिधी सभा, न्यायालय, अभियोक्ता कार्यालय, अंदाजपत्रक, आणि या सगळ्यांच्या वर काउंटीच्या कम्युनिस्ट पक्ष समितीचा सचिव. म्हणून ‘तालुका’ हा शब्दही नीट बसत नाही. लिहिताना ‘काउंटी’ ठेवावं आणि आकार समजावण्यासाठी एकदाच तालुक्याची तुलना द्यावी, हे उत्तम.

दुसरी चूक ‘शहर’ या शब्दाची. बाओदिंग कागदोपत्री ‘शहर’ आहे, पण त्याच्या हद्दीत वीसहून अधिक काउंटी-पातळीचे घटक येतात आणि क्षेत्रफळ सोलापूर जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट भरतं. त्यात डोंगर आहेत, धरणं आहेत, शेकडो खेडी आहेत. ‘कोटणीस बाओदिंग शहरात वारले’ असं कुणी लिहिलं तर आजच्या प्रशासकीय भाषेत ते चूक ठरत नाही, पण वाचकाच्या मनात चित्र पूर्ण चुकीचं उभं राहतं. खरं बाओदिंग, म्हणजे रस्ते-इमारतींचं गाव, तांगच्या काउंटी मुख्यालयापासून पूर्वेकडे सुमारे 50 किलोमीटरवर आहे. आणि ‘तांग काउंटी’ असं नाव दाखवून नकाशा जिथे खूण करतो ती जागा बहुधा रनहौ कसबा असते. मुख्यालय तिथे आहे, काउंटीचा भौगोलिक मध्य तिथे नाही.

सहा आकड्यांचा पत्ता

नावांवर विसंबू नका, संकेतांक शोधा. चीनमध्ये काउंटी-पातळीच्या प्रत्येक घटकाला सहा आकडी प्रशासकीय संकेतांक असतो. तांग काउंटीचा आहे 130627. तो दोन-दोन आकडे करून वाचायचा: 13 म्हणजे हेबेई, 06 म्हणजे बाओदिंग, 27 म्हणजे तांग. शेवटच्या जोडीवरून दर्जाही कळतो. 01 ते 20 म्हणजे शहरी प्रभाग, 21 ते 80 म्हणजे काउंटी, 81च्या पुढे म्हणजे काउंटी दर्जाचं शहर. शेजारच्या दिंगझोउचा अंक 130682 आहे, म्हणजे ते काउंटी दर्जाचं शहर, हे नाव न वाचताही समजतं. पुढे आणखी तीन आकडे लागले की टाउनशिप ठरते आणि त्यापुढे तीन लागले की गाव. असा बारा आकडी अंक हाती आला की त्याच नावाच्या दुसऱ्या गावाशी गल्लत व्हायची भीती उरत नाही.

हा अंकही कायमचा नसतो, हे ध्यानात ठेवा. डिसेंबर 1994 मध्ये जुना ‘बाओदिंग विभाग’ आणि ‘बाओदिंग शहर’ एक झाले. त्याआधी विभागातल्या काउंट्यांचे अंक 1324ने सुरू होत. जुन्या सांख्यिकी तक्त्यात 1306 शोधून तांग सापडली नाही तर घाबरू नका, 1324 शोधा.

नाव: एक गाव, चार स्पेलिंगं

चिनी नावं रोमन लिपीत लिहिण्याच्या दोन मुख्य पद्धती तुमच्या वाटेत येतील. आजची पिनयिन, जी चीनने 1979पासून परदेशी लिखाणात सरसकट वापरायला घेतली, आणि त्याआधीची वेड-जाइल्स. त्याशिवाय जुन्या टपाल खात्याची एक खिचडी पद्धत होती. 1940च्या दशकातली पत्रं, लष्करी नकाशे आणि इंग्रजी चरित्रं जुन्या पद्धतींत आहेत, आणि मराठी लेखकांनी त्यांवरूनच देवनागरी केलं. म्हणून पिनयिनमधलं ‘हेबेई’ आपल्याकडे ‘होपेई’ झालं, ‘बाओदिंग’ ‘पाओतिंग’ झालं आणि ‘गगोंग’ ‘को-कुंग’ किंवा तत्सम काहीतरी झालं. यातली प्रत्येक जोडी एकाच जागेची आहे.

मराठीला इथे एक सोय आहे जी इंग्रजीला नाही. चिनी भाषेत फरक घोष-अघोषाचा नसून श्वासाचा आहे, म्हणजे आपल्या त-थ, क-ख, प-फ यांच्यासारखा. पिनयिनमधल्या ‘ड’च्या अक्षराचा उच्चार ‘त’ आणि ‘ट’च्या अक्षराचा ‘थ’. ‘ग’च्या अक्षराचा ‘क’, ‘ब’च्या अक्षराचा ‘प’. त्यामुळे स्थानिक माणसाच्या तोंडून तुम्हाला ‘थांग-शिएन’, ‘पाओतिंग’, ‘ककुंग’ असंच ऐकू येईल. म्हणजे आपली जुनी मराठी रूपं कानाला आजच्या रूपांपेक्षा जवळची होती. लिहिताना रूढ रूप ठेवा, पण वाटेत कुणाला पत्ता विचारायचा असेल तर ‘थांग-शिएन’ म्हणा. एकाक्षरी नावाच्या काउंटीला ‘शिएन’ जोडूनच बोलतात. नुसतं ‘थांग’ म्हटलं तर समोरच्याला काही बोध होत नाही.

जुन्या वेड-जाइल्स नकाशांवर एक बारीक खूण असते. ‘त’च्या रोमन अक्षरानंतर वर स्वल्पविराम असला तर ‘थ’, नसला तर ‘त’. छपाईत हा स्वल्पविराम हमखास गळतो. मग ‘थांग’ आणि ‘तांग’ ही दोन वेगळी चिनी नावं नकाशावर सारखीच दिसतात. अशा वेळी शेजारची नावं जुळवून पाहण्यावाचून इलाज नाही.

आता फसवणारी सारखी नावं. हेनान प्रांतात तांगहे नावाची काउंटी आहे आणि तिथेही तांग नावाची नदी वाहते. हुबेई प्रांतात ‘तांगशिएन’ नावाचा एक कसबा आहे. हेबेईतच शिंगतांग काउंटी आहे, शिवाय तांगशान हे मोठं औद्योगिक शहर आहे. यांपैकी कुठल्याही ठिकाणाचा कोटणीसांशी संबंध नाही. नावातला ‘तांग’ हा तांग राजवंशाच्या नावातलाच आहे, अक्षरही तेच. पण काउंटीचं नाव राजवंशावरून आलेलं नाही. ते हान काळापासून, म्हणजे राजवंशाच्या कितीतरी शतकं आधीपासून चालत आलं आहे, आणि स्थानिक परंपरा ते पुराणकाळच्या याओ राजाशी जोडते. प्रांतांच्या नावांतही खाच आहे. तांग नदी जिथे उगम पावते तो शान्शी प्रांत आणि चिनी कम्युनिस्टांचं तेव्हाचं केंद्र यानान जिथे आहे तो शेन्शी प्रांत निराळे. कोटणीस ज्यात होते ते भारतीय वैद्यकीय पथक 1939 मध्ये यानानला, म्हणजे शेन्शीत पोहोचलं. कोटणीसांचा शेवटचा काळ हेबेईत गेला. चिनीत या दोन प्रांतांच्या नावांत फक्त सुराचा फरक आहे, त्यामुळे भाषांतरात ती सर्रास उलटसुलट होतात.

शोध घेताना शेवटी चिनी अक्षरंच उपयोगी पडतात. खात्रीच्या एखाद्या ठिकाणाहून गावाचं नाव चिनी अक्षरांत नकलून ठेवा आणि दर वेळी तेच शोधपट्टीत टाका. देवनागरी किंवा रोमन रूपावरून चिनी अक्षरं तयार करायला जाऊ नका. एका उच्चाराला डझनभर अक्षरं असतात.

जमीन वाचा

हद्द कळण्याआधी जमीन कळायला हवी, कारण हद्दी डोंगर आणि नदी पाहूनच पडलेल्या असतात. तांग काउंटी ताइहांग पर्वताच्या पूर्व उतारावर आहे. तिचा वायव्य भाग उंच, आग्नेय भाग सखल, मध्ये टेकड्या. उत्तरेला लाइयुआन, पश्चिमेला फूपिंग आणि छूयांग, दक्षिणेला दिंगझोउ, पूर्वेला शुनपिंग आणि वांगदू. काउंटी मुख्यालय साधारण 38.75 उत्तर अक्षांश आणि 114.98 पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, मैदान सुरू होतं तिथे.

तांग नदी शान्शीतून येते, लाइयुआनमधून डोंगर फोडत काउंटीत उतरते आणि पुढे दिंगझोउच्या मैदानातून बायांगदिएनच्या सरोवराकडे जाते. नकाशावर तिचा प्रवाह बोटाने वरून खाली गिरवून पाहा. काउंटीची अर्धी कहाणी त्या एका रेघेत आहे. वरच्या भागात नदीच्या खोऱ्यात दाओमाक्वान, म्हणजे ‘घोडा कोसळतो ती खिंड’, हे प्राचीन ठाणं आहे. मिंग काळात राजधानीच्या संरक्षणासाठी जे तीन ‘आतले घाट’ मानले जात, त्यांतलं हे एक, दुसरे दोन म्हणजे ज्युयोंग आणि झीजिंग. शान्शीच्या पठारावरून मैदानात उतरायचं तर अशाच नदीच्या खाचेतून यावं लागे.

मधल्या भागात शीदायांग धरण आहे. काम 1958 मध्ये सुरू झालं. चिनी आकडेवारीत त्याची क्षमता साधारण 11 ‘यी’ घनमीटर दिलेली असते. ‘यी’ म्हणजे 10 कोटी. तेव्हा 110 कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत जवळपास 40 टीएमसी, उजनीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. नकाशा वाचणाऱ्यासाठी धरण महत्त्वाचं आहे ते यासाठी की 1958च्या आधीच्या नकाशात हे पाणी नाही. तिथे नदीकाठची गावं दिसतात. जुन्या नकाशातलं गाव उपग्रह चित्रात सापडलं नाही तर आधी पाण्यात पाहा.

खालच्या भागात, डोंगर आणि मैदानाच्या सांध्यावरून, दक्षिणेचं पाणी उत्तरेला नेणारा मोठा कालवा जातो. उपग्रह चित्रात तो एकसारख्या रुंदीची काँक्रीटची निळी पट्टी दिसतो. त्याला नदी समजू नका. बीजिंग-ग्वांगझोउ रेल्वेमार्ग मात्र काउंटीत येत नाही. तो पूर्वेला मैदानातून बाओदिंग, वांगदू, दिंगझोउ असा जातो. युद्धकाळ समजून घेताना ही गोष्ट निर्णायक ठरते.

गावांच्या नावांतच जमिनीचं वर्णन असतं. ‘कोउ’ म्हणजे खोऱ्याचं तोंड, ‘गोउ’ म्हणजे घळ, ‘च्वान’ म्हणजे नदीचं खोरं, ‘क्वान’ म्हणजे ठाण्याची खिंड, ‘छंग’ म्हणजे तटबंदीचं गाव, ‘झुआंग’ म्हणजे वाडी, ‘दिएन’ म्हणजे वाटेवरची धर्मशाळा किंवा खानावळ. तेव्हा ह्वांगशिकोउ हे नाव वाचलं की ‘पिवळ्या दगडाच्या खोऱ्याचं तोंड’ डोळ्यांपुढे यावं, ज्युनछंग वाचलं की ‘सैन्याचं तटबंदी गाव’. बेइदिएनतोउ आणि नानदिएनतोउ म्हणजे एकाच नावाचं उत्तरेचं आणि दक्षिणेचं गाव. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द गाळून पत्ता लिहिला तर जी पंचाईत होते, तीच इथे दिशा गाळल्याने होते.

नाव हलतं, डोंगर तिथेच राहतो

काउंटीच्या वायव्य सीमेवर दामाओशान हा सुमारे 1,870 मीटर उंचीचा डोंगर आहे. जुन्या ग्रंथांत ‘उत्तरेचा पवित्र पर्वत हंगशान’ असं वाचलं तर बहुतेक वेळा तो हाच. त्याच्या पूजेचं मोठं देऊळ शेजारच्या छूयांगमध्ये आहे. छिंग राजवटीत 1660 मध्ये शासकीय पूजेचं स्थान शान्शीतल्या हुनयुआन इथल्या डोंगरावर हलवलं गेलं आणि त्याबरोबर नावही गेलं. म्हणजे 1660च्या आधीच्या मजकुरातला हंगशान हेबेईत आणि नंतरचा शान्शीत. जुनी आठवण मात्र टिकली. 1940च्या दशकात या डोंगराळ भागाच्या युद्धकालीन विभागाला ‘बेइयुए’, म्हणजे ‘उत्तरेचा पवित्र पर्वत’, हेच नाव होतं.

‘झोंगशान’ या नावाचंही तसंच. हान काळात तांग काउंटी झोंगशान या मांडलिक राज्यात मोडत होती, त्याचं मुख्य ठिकाण आजच्या दिंगझोउजवळ. आज नकाशात झोंगशान शोधलं तर दूर दक्षिणेत ग्वांगदोंगमधलं शहर येतं. ते नाव चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक नेते सुन यत-सेन यांच्यावरून पडलेलं, या झोंगशानशी त्याचा काही संबंध नाही.

प्रशासकीय इतिहास सालवार मांडा

आता एक उभी रेघ ओढा आणि तिच्यावर सालं मांडा. तांगच्या बाबतीत ती अशी भरते. हान काळात काउंटी स्थापन. सहाव्या शतकात उत्तर छी राजवटीत ती रद्द होऊन शेजारी विलीन, आणि स्वै राजवटीत 596 मध्ये पुन्हा उभी. त्यानंतरची कित्येक शतकं ती दक्षिणेकडच्या दिंगझोउच्या अंमलाखाली. युआन काळात, म्हणजे मंगोल राजवटीत, ती पूर्वेकडच्या बाओदिंगकडे गेली आणि मिंग व छिंग काळात बाओदिंग ‘फू’खाली, म्हणजे प्रांत आणि काउंटी यांच्यामधल्या पायरीखाली, राहिली. 1913 नंतर ‘फू’ ही पायरीच गेली. 1928 मध्ये झिली प्रांताचं नाव बदलून हेबेई झालं. 1928च्या आधीच्या कागदात ‘हेबेई प्रांत’ शोधलात तर हाती काही लागणार नाही, तिथे झिली शोधा.

1949 नंतर तांग पुन्हा दक्षिणेकडे, दिंग काउंटीत मुख्यालय असलेल्या विशेष विभागात गेली. 1954 मध्ये तो विभाग मोडला आणि ती बाओदिंगकडे परतली. या काउंटीवर दोन गावांची ओढ आहे, दिंग आणि बाओदिंग, आणि तिचा सगळा प्रशासकीय इतिहास या दोन खांबांमधला हेलकावा आहे. अशी एखादी ओढ जवळपास प्रत्येक ग्रामीण काउंटीच्या इतिहासात असते. ती सापडली की बाकीची सालं आपोआप लक्षात राहतात.

1958 मधली मोडतोड मात्र जपून वाचा. त्या साली देशभर काउंट्या एकत्र करून मोठ्या करण्यात आल्या. वान आणि वांगदू या शेजारच्या काउंट्या तांगमध्ये घातल्या गेल्या आणि काही वर्षांतच पुन्हा वेगळ्या झाल्या. त्यामुळे 1959-60च्या सुमाराचा ‘तांग काउंटी: धान्य उत्पादन’ हा आकडा आजच्या तांगचा नसून तीन काउंट्यांचा असू शकतो. आधीच्या आणि नंतरच्या सालांशी तुलना केली तर उत्पादन अचानक वाढून मग कोसळल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात हलली ती हद्द.

शेजाऱ्यांची नावंही बदलली. वान काउंटी 1993 मध्ये शुनपिंग झाली. दिंग काउंटी 1986 मध्ये दिंगझोउ शहर झाली. 2017 मध्ये बाओदिंगच्याच शिओंग, रोंगछंग आणि आनशिन या तीन काउंट्यांमधून शिओंगआन हे नवं क्षेत्र उभारायला घेतलं गेलं, त्यामुळे बाओदिंगचे त्याआधीचे आणि नंतरचे एकूण आकडे थेट जुळत नाहीत.

1937 ते 1945: एकाच काउंटीत दोन सरकारं

कोटणीस शोधणाऱ्यासाठी हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. चीन-जपान युद्धात जपानी सैन्याचा जोर रेल्वेमार्ग आणि मैदानातल्या गावांवर होता. डोंगराळ भागात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालचा ‘जिन-चा-जी’ सीमाप्रदेश होता. त्याचं प्रशासन जानेवारी 1938 मध्ये शेजारच्या फूपिंगमध्ये उभं राहिलं. नाव तीन प्रांतांच्या लघुरूपांचं आहे: जिन म्हणजे शान्शी, चा म्हणजे चाहार, जी म्हणजे हेबेई. चाहार प्रांत 1952 मध्ये मोडला, तेव्हा आजच्या नकाशात तो शोधू नका. ‘जी’ हे अक्षर अजून हेबेईच्या गाड्यांच्या नंबरपाटीवर दिसतं.

म्हणून 1942चा एखादा कागद ‘तांग काउंटी सरकार’ म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा: कुणाचं? मैदानातलं मुख्यालय आणि डोंगरातली गावं कागदावर एका काउंटीत होती, अंमल वेगळे होते. रुग्णालयं आणि वैद्यकीय शाळा डोंगरात का होत्या हेही यातून उलगडतं. रेल्वेपासून आत, नदीच्या खोऱ्यांत, हल्ला आला तर पुढच्या घळीत हलता येईल अशी ती जागा होती. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून 12 नोव्हेंबर 1939 रोजी याच काउंटीतल्या ह्वांगशिकोउ गावी वारले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस 1941 मध्ये संचालक झाले. त्या काळी ते रुग्णालय म्हणजे एक पक्की इमारत नव्हे, गावोगावच्या घरांत विखुरलेली आणि हलणारी संस्था. आज त्याच नावाचं रुग्णालय शिजियाझुआंगमध्ये आहे. ते पाहून ‘कोटणीसांनी इथे काम केलं’ असं लिहू नका.

कोटणीसांच्या बाबतीत चार जागा वेगळ्या ठेवा. निधन गगोंग गावात. पहिलं दफन ज्युनछंगला. आजची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा दफनभूमीत, जिथे बेथ्यूनही आहेत. आणि बेथ्यून-कोटणीस स्मारक संग्रहालय तांगच्या काउंटी मुख्यालयात. मराठी लेखांत या चार जागांची सरमिसळ फार वेळा दिसते. छायाचित्राखाली ओळ लिहिण्याआधी ही यादी पाहून घ्यावी. शोधताना त्यांचं चिनी नाव ‘क दिह्वा’ हे वापरा, चिनी मजकुरात ‘कोटणीस’ फारसं सापडत नाही.

काउंटीची बखर, आणि तिची मापं

चीनच्या बहुतेक काउंट्यांना स्थानिक बखरी आहेत, चिनीत ‘शिएन-झी’. 1949च्या आधीच्या अशा स्थानिक ग्रंथांची संख्या आठ हजारांहून अधिक आहे, आणि 1980च्या दशकापासून नव्या पद्धतीच्या बखरीही निघाल्या. बखर उघडल्यावर आधी ‘यानग’, म्हणजे स्थापना आणि बदलांचा इतिहास, हे प्रकरण वाचा. मग सीमा, मग डोंगर-नद्या, मग तटबंदी, मग कर. पुराणकथा सुरुवातीलाच येतात. त्या तशाच नोंदवाव्यात, पण सालांच्या रेघेवर चढवू नयेत.

सालं राजाच्या कारकिर्दीने दिलेली असतात. कारकिर्दीच्या पहिल्या वर्षात आकडा मिळवायचा आणि एक वजा करायचा. ग्वांगशूचं पहिलं वर्ष 1875, तेव्हा ग्वांगशू 4 म्हणजे 1878. प्रजासत्ताक काळात ‘मिंगुओ’ वर्षात 1911 मिळवायचे. दगडावर ‘मिंगुओ 31’ दिसलं की ते 1942. शकात 78 मिळवताना पौष-माघाला आपण थबकतो, तसंच इथेही. 1912च्या आधीच्या तारखा चांद्र महिन्यांच्या आहेत, आणि बारावा महिना बहुधा पुढच्या इसवी सालात पडतो.

अंतराचं माप ‘ली’. छिंग काळात ते सुमारे 576 मीटर होतं, आता नेमकं 500 मीटर. ‘पूर्वेला हद्दीपर्यंत 30 ली’ असं लिहिलेलं असतं ते वाटेने मोजलेलं, नकाशावर सरळ पट्टी ठेवून नव्हे. डोंगरात दोन्हींत मोठा फरक पडतो. जमिनीचं माप ‘मू’, आजच्या हिशेबाने 667 चौरस मीटर, म्हणजे साडेसहा गुंठ्यांच्या किंचित वर. सहा मू म्हणजे ढोबळ एक एकर. जुने मू जागोजाग निराळे होते, त्यांचं सरळ रूपांतर करू नका. मोठ्या संख्यांत ‘वान’ म्हणजे 10 हजार. दहा वान म्हणजे एक लाख. इंग्रजीतून मराठीत येताना ‘वान’चं ‘लाख’ होऊन आकडा दहापट फुगण्याची चूक नेहमीची आहे.

लोकसंख्येचे आकडे दोन प्रकारचे असतात: नोंदणी झालेले आणि प्रत्यक्ष राहणारे. ग्रामीण काउंट्यांतून माणसं शहरात कामाला जातात, नोंद गावातच राहते. त्यामुळे पहिला आकडा मोठा असतो. कुठला घेतला ते नेहमी लिहा.

नकाशा 500 मीटर का सरकतो

चीनमध्ये नागरी नकाशांना कायद्याने मुद्दाम सरकवलेली निर्देशांक पद्धत वापरावी लागते. जीपीएसचा खरा बिंदू त्यावर टाकला की तो शे-दोनशे ते सहाशे-सातशे मीटर बाजूला पडतो. गूगल मॅप्सवर चीनमधले रस्ते उपग्रह चित्रावर बसत नाहीत, ते याचमुळे. बैदू या चिनी नकाशासेवेने त्यावर स्वतःचा आणखी एक फेरफार केला आहे. ओपनस्ट्रीटमॅप मात्र जीपीएसचीच पद्धत वापरतो. शहरात 500 मीटर म्हणजे दोन चौक. तांगच्या डोंगरात 500 मीटर म्हणजे घळीच्या पलीकडचं दुसरंच गाव. म्हणून बिंदू नोंदवताना तो कुठल्या नकाशावरून घेतला ते शेजारी लिहा, आणि दोन नकाशांचे बिंदू रूपांतर केल्याशिवाय एकत्र करू नका.

जुन्या जागांसाठी अमेरिकी लष्कराची 1950च्या दशकातली अडीच लाखात एक प्रमाणाची नकाशामाला टेक्सस विद्यापीठाच्या संग्रहात फुकट पाहता येते. तांगचा भाग ‘एनजे 50’ने सुरू होणाऱ्या पानांवर आहे, नावं वेड-जाइल्समध्ये, आणि शीदायांगचं पाणी नाही. 1911च्या आधीच्या काउंटी-स्थानांसाठी हार्वर्ड आणि फूदान विद्यापीठांचा चीनचा ऐतिहासिक भौगोलिक माहितीसाठा आहे. त्यात प्रत्येक नावाला सुरुवातीचं आणि शेवटचं साल जोडलेलं असतं.

नोंद अशी करा

एका जागेची एक नोंद. गगोंगची नोंद अशी दिसेल: रूढ मराठी रूप गगोंग, उच्चार ककुंग, जुनं रूप को-कुंग, चिनी अक्षरं नकलून. आज: हेबेई प्रांत, बाओदिंग शहराच्या प्रशासनाखाली, तांग काउंटी, 130627. 1942 मध्ये: जिन-चा-जी सीमाप्रदेश, बेइयुए विभाग. जमीन: ताइहांगच्या पूर्व उतारावरचा डोंगराळ भाग, रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला. बिंदू कुठल्या नकाशावरून, कुठल्या तारखेला घेतला. लेखात छापताना यातली दोनच रूपं द्या, आजचं आणि त्या सालचं: ‘गगोंग (आजची तांग काउंटी, हेबेई, तेव्हा जिन-चा-जी सीमाप्रदेश)’.

प्रत्यक्ष जायचं असेल तर वेगवान रेल्वेची जवळची स्थानकं बाओदिंग पूर्व आणि दिंगझोउ पूर्व. तिथून पुढे रस्त्याने रनहौ गाठायचं. स्मारक संग्रहालय तिथेच आहे. डोंगरातल्या गावांसाठी तिथून वेगळी गाडी करावी लागते, आणि चालकाला देवनागरी किंवा रोमन नाव न दाखवता नोंदीतली चिनी अक्षरं दाखवायची, वर टाउनशिपचं नावही. तांगच्या डोंगरात एकसारख्या नावाच्या वाड्या आहेत आणि चालक पहिल्या सापडलेल्या वाडीशी गाडी थांबवतो.